वडाळ्याच्या गाळ्यातले ग्लासब्लोअर काका: २००२ पासूनच्या गिऱ्हाइकाचा रिव्ह्यू

मुंबईत लॅबसाठी काचेचं काही बनवून घ्यायचंय, तुटलेलं जोडून घ्यायचंय, किंवा डोक्यात एखादं भांडं आहे पण कुठल्याच कॅटलॉगात ते मिळत नाहीये, असं असेल तर वडाळा आणि शिवडीच्या मधे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर एक गाळा आहे, ज्योतीवर काच तापवून वळवणाऱ्या ग्लासब्लोअर काकांचा, तिथे जा. पाटी नाहीये. दाराशी साखळीने बांधलेले ऑक्सिजनचे सिलिंडर दिसतील आणि आतून बर्नरचा सूं असा आवाज येत असेल, तोच गाळा. मी २००२ पासून तिथे जातेय, आधी पीएचडीची विद्यार्थिनी म्हणून, मग एका कंपनीच्या आरअँडडीमधून, आता स्वतःच्या लॅबसाठी आणि पोरांना सोबत घेऊन. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते पुढे सांगेन, पण माझ्या कामातलं जे काही चांगलं झालं त्यातलं बरंचसं ह्या माणसाने वळवलेल्या नळ्यांमधून झालंय आणि ते मी कुठल्याच पेपरात नीट लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा विषय सॉफ्ट मटेरियल्स. नातेवाईक विचारतात म्हणजे नक्की काय, तर मी श्रीखंडापासून सुरुवात करते कारण श्रीखंड खरंच त्यात येतं. चमचा उपडा केला तरी पडत नाही, जिभेने दाबलं की लगेच वाहतं. टूथपेस्ट, शॅम्पू, दाढीचा फेस, रबर, जेल, पडद्यातलं लिक्विड क्रिस्टल, सगळी धड द्रव नाहीत नि धड घन नाहीत अशी मंडळी. पिएर-जिल द जेन ह्या फ्रेंच फिजिसिस्टना १९९१ चं नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी भाषणाचं नावच 'सॉफ्ट मॅटर' ठेवलं होतं आणि त्यात रबराचं उदाहरण दिलं होतं, की रबरात दर २०० कार्बन अणूंमागे साधारण एकच गंधकाशी जोडला गेलेला असतो, आणि तेवढ्यावर वाहणाऱ्या चिकाचं ताणून परत जागेवर येणारं रबर होतं. एवढ्याशा फरकाने एवढा बदल. ह्या विषयाचा सगळा जीव तिथेच आहे, आणि डोकेदुखीही तिथेच, कारण टेंपरेचर दोन अंश इकडचं तिकडे झालं, थोडी हवा आत गेली, की तुमचा पदार्थ दुसराच कोणीतरी होऊन बसतो. म्हणून आमच्या कामात पदार्थ जितका महत्त्वाचा तितकंच त्याचं भांडं महत्त्वाचं.

पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट सांगते. २००२ चा मे महिना, पीएचडीचं पहिलं वर्ष, माझं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, होतं पी-निपाम. ३२ अंशांच्या खाली ते पाण्यात छान विरघळतं, काचेसारखं स्वच्छ दिसतं, ३२ च्या वर गेलं की साखळ्या पाण्याची सोबत सोडून आकसतात आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं, थंड केलं की परत स्वच्छ. हेस्किन्स आणि गिलेट ह्यांनी १९६८ मध्ये हे मोजून मांडलेलं आहे. युरोपातल्या लॅबमध्ये बसून हे करणाऱ्याला ३२ अंश म्हणजे मुद्दाम गरम करावं लागतं, आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ३३-३४ ला असायची. एसी होता तो एका महागड्या मशीनसाठी, आमच्या टेबलापर्यंत त्याची हवा यायची नाही. मी सकाळी सातला येऊन रीडिंग घ्यायचे, अकरा वाजले की बाटल्या एकेक करून पांढऱ्या व्हायला लागायच्या आणि दिवस संपायचा. दोन आठवडे असे गेले तेव्हा सीनियरने सांगितलं की जॅकेटेड भांडं घे, म्हणजे भांड्याभोवती दुसरं भांडं आणि मधल्या पोकळीतून थंड पाणी फिरतं. कॅटलॉगातलं सगळ्यात लहान मिळत होतं ते २५० मिलीचं आणि माझ्याकडे सोल्युशन होतं १५ मिली, त्यातलं पॉलिमर बनवायला महिना गेलेला.

काकांनी तीन प्रश्न विचारले. आत काय जाणार, किती गरम-थंड होणार, व्हॅक्यूम की प्रेशर. आजही तेच तीन विचारतात, कोणी प्रोफेसर असो की बीएस्सीचं पोर. माझं वहीच्या पानावरचं चित्र त्यांनी बघितलं, म्हणाले मॅडम हे असं नाही होणार, आतली नळी बाहेरच्या भिंतीला जिथे चिकटते तो जोड इतका कोपऱ्यात घेतला तर बर्फाचं पाणी सोडलं की तिथूनच तडकणार, जोड वर घेऊ आणि गोलाई देऊ. मला तेव्हा कळलंही नाही की हे किती मोठं सांगतायत, मी फक्त हो म्हणाले. चार दिवसांनी भांडं मिळालं, १५ मिलीचं, अंगठ्याएवढं, पाणी आत-बाहेर जायला दोन नळ्या आणि वर झाकण बसवायला बी-१४ मापाचा सॉकेट. त्या भांड्यात मी माझं पॉलिमर ३१.० ला स्वच्छ, ३२.५ ला पांढरं, परत ३१ ला स्वच्छ असं पन्नासएक वेळा करून बघितलं असेल, दुपारी दोन वाजता, मे महिन्यात. ते भांडं अजून माझ्याकडे आहे, जोडाला आजपर्यंत रेघ नाही.

आता त्यांचं काम बघण्यासारखं का आहे ते. मी आयुष्यभर व्हिस्कॉसिटी मोजतेय, म्हणजे एखादी गोष्ट वाहायला किती अडते ते. ते पॉइजमध्ये मोजतात, २० अंशाचं पाणी ०.०१ पॉइज. मध ढोबळमानाने १०० पॉइजच्या आसपास. काच जेव्हा फुगवता-वाकवता येते तेव्हा ती १०,००० पॉइजला असते, म्हणजे मधापेक्षा शंभरपट घट्ट. लॅबमधल्या भांड्यांच्या, गरम-थंड सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेला त्यासाठी साधारण १२५० अंश लागतात. ८२० च्या आसपास तीच काच चारेक कोटी पॉइजला जाते, तेव्हा ती फक्त स्वतःच्या वजनाने हळूहळू लवते, आणि ५६० ला आली की आकडा १० लाख कोटी, आता ती बाहेरून पूर्ण घन दिसते पण आतला ताण मात्र पंधरा-वीस मिनिटांत सैल करू शकते. हे सगळे आकडे मला पुस्तकातून माहीत आहेत. काकांच्या बोटांना ते माहीत आहेत. डाव्या हातात एक नळी, उजव्या हातात दुसरी, दोन्ही एकाच वेगाने फिरतायत, ज्योतीत टोकं लाल होतात, मग नारिंगी, मग जवळजवळ पांढरी, आणि एका क्षणी ते दोन्ही टोकं एकमेकांना टेकवतात, किंचित दाबतात, लगेच किंचित ओढतात आणि तोंडातल्या रबरी नळीतून एक छोटी फुंकर. दोन हातांच्या वेगात जरा जरी फरक पडला तर जोड पिळला जातो. फिरवायचं थांबलं तर काच खाली लोंबते. मी एकदा विचारलं की काका कळतं कसं कधी फुंकायचं, ते म्हणाले हाताला ती हलकी लागायला लागते. मला वाटतं रिऑलॉजीवरच्या, म्हणजे पदार्थ कसे वाहतात ह्या शास्त्रावरच्या, कित्येक लेक्चरांपेक्षा ह्या एका वाक्यात जास्त होतं, कारण घन पदार्थ द्रव होताना त्याचा विरोध जातो आणि तो विरोध जातोय हे मनगटाला कळतं, आम्ही त्यासाठी वीस-तीस लाखांचं मशीन लावतो.

डोळ्यावर त्यांचा जांभळट काचांचा चष्मा असतो, डिडिमियमचा. तापलेल्या काचेतलं सोडियम जे पिवळं भगभगतं, ५८९ नॅनोमीटरचा रंग, तो रंग हा चष्मा नेमका गिळतो, म्हणून त्यांना ज्योतीतली काच दिसते आणि आपल्याला नुसता पिवळा लोळ. तुम्हाला घालून बघायचा असेल तर मागा, देतात. माझ्या प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला त्यांनी तो घालायला दिलाय.

व्हिस्कोमीटरचं वेगळं सांगायला हवं कारण बहुतेक लोक त्याच्यासाठीच जातील. उबेलोहडे व्हिस्कोमीटर म्हणजे व्हिस्कॉसिटी मोजायचं काचेचं उपकरण, त्याला तीन हात, म्हणजे नळ्या, असतात आणि धुताना एक तरी मोडतोच, मी स्वतः चार मोडलेत. नवीन घ्यायचा तर हजारोंत जातो आणि संस्थेत खरेदी म्हणजे तीन कोटेशन, सह्या, दोन महिने. काका तुटलेला हात जोडून देतात, मागच्या वेळी ३५० रुपये घेतले. पण मधल्या बारीक नळीला, कॅपिलरीला, ते हात लावत नाहीत, कितीही पैसे द्या. कारण विचारलं तर म्हणतात भोक बदललं की तुमचं सगळं गणित बदललं. अगदी बरोबर आहे, नळीतून किती द्रव वाहणार हे त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं, म्हणजे त्रिज्येत १ टक्का फरक पडला तर प्रवाहात ४ टक्के. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमारास हे शोधलं, बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहत असेल ह्या विचारातून. एका नव्या मुलाने एकदा माझ्यासमोर फार आग्रह केला की कॅपिलरीलाच तडा आहे, थोडंसं गरम करून जोडा ना. काकांनी तो व्हिस्कोमीटर कागदात गुंडाळून परत दिला आणि सांगितलं, जोडून देईन तर तुला चुकीचा आकडा येईल आणि तू तो खरा समजशील. मला सर्व्हिस देणारा माणूस असा हवा. तरी हात जोडून आणला असेल तर पाण्याने परत कॅलिब्रेट करा, २५ अंशाला पाणी ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, म्हणजे ०.००८९ पॉइज, सोपं आहे, आळस करू नका.

आता एक वाईट अनुभव, हा काकांचा नाही. कंपनीत असताना घाई होती म्हणून दुसऱ्या एका ठिकाणाहून जॉइंट असलेल्या नळ्या घेतल्या, बोरोसिलिकेट म्हणून. आमच्या सेटअपला जोडून घेतल्या त्या रात्री ठीक होत्या, सकाळी येऊन बघते तर तीनपैकी दोन जोडाच्या कडेने गोल चिरलेल्या आणि आतला माल ट्रेमध्ये. काकांकडे तुकडे घेऊन गेले. त्यांनी फळीवरून एक बरणी काढली, त्यात सनफ्लॉवर तेल, घरचंच. आधी त्यांच्याकडची एक बोरोसिलिकेटची कांडी बुडवली, तेलात गेलेला भाग गायब. खरंच गायब, वरचा भाग हातात दिसतोय आणि खाली काहीच नाही. मग माझा तुकडा बुडवला, तो तेलात स्पष्ट दिसत राहिला, कडांसकट. बोरोसिलिकेटचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे प्रकाश किती वाकवते तो आकडा, १.४७ च्या आसपास आणि ह्या तेलाचा जवळजवळ तेवढाच, म्हणून प्रकाशाला दोघांमधली सीमाच कळत नाही. साधी सोडा काच १.५२ ला असते, म्हणून दिसते. सोडा काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या अडीच-तीन पट प्रसरण पावते, दोघांना एकत्र जोडलं की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोड चिरतो. दोन रुपयांच्या तेलात अर्ध्या मिनिटात समजलं. आता माझ्या लॅबच्या कपाटात पण तेलाची बरणी आहे आणि नवीन माल आला की पोरं आधी एक तुकडा बुडवतात, तुम्हीही ठेवा.

कंपनीतली ती वर्षं शॅम्पूवर गेली. लोकांना वाटतं हे काही विज्ञान नाही, पण मला विचाराल तर माझं सगळ्यात सुंदर काम तिथेच सुरू झालं. शॅम्पूतला साबणासारखा जो मुख्य घटक असतो त्याचे रेणू पाण्यात गोळे करून राहतात, त्यांना मायसेल म्हणतात. साधं मीठ घातलं की हे गोळे लांब होत होत गांडुळांसारखे होतात, ४-५ नॅनोमीटर जाड आणि मायक्रॉनभर किंवा जास्तही लांब, एकमेकांत गुंततात आणि पाण्यासारखं पातळ मिश्रण एकदम दाट होतं. अजून मीठ घातलं की परत पातळ. ती चढून उतरणारी रेघ, आम्ही सॉल्ट कर्व्ह म्हणतो, माझ्या भिंतीवर सहा वर्षं चिकटवलेली होती. ह्या गांडुळांची खास गोष्ट अशी की ती तुटतात आणि परत जोडली जातात, सतत, पॉलिमरची साखळी तुटली की संपली, ही मात्र जिवंत असल्यासारखी.

नोकरी सोडून परत शिकवायला आणि संशोधनाला आले तेव्हा तोच विषय घेतला, आणि व्हिस्कॉसिटी मोजायचं मशीन नव्हतं. खरंच नव्हतं, ग्रँट यायला वेळ होता. मग काकांकडे जाऊन एक मीटर लांब, सरळ, तळाशी स्टॉपकॉक, म्हणजे काचेची तोटी, असलेली रुंद नळी मागितली, की ह्यात वरून स्टीलची गोळी सोडायची आणि पडताना बघायची. मधात किंवा ग्लिसरीनमध्ये गोळी सोडली की ती लगेच एका ठराविक वेगाने शांतपणे खाली जाते, शाळेतला स्टोक्सचा नियम. मी त्यात सीटॅब हा साबणासारखा पदार्थ आणि सोडियम सॅलिसिलेट हे मीठ ह्यांचं पाण्यातलं, तसलीच गांडुळं करणारं मिश्रण भरलं, नळी नीट सरळ आहे ना ते बघायला काका स्वतः लॅबवर आले होते. गोळी सोडली. थोडी गेली, अडखळली, जवळजवळ थांबली, एकदम सुटली, परत अडखळली, असं करत करत तळाला. काका खाली उकिडवे बसून नळीला नाक लावून बघत होते, म्हणाले, "ताई, ही अशी थांबून थांबून का पडतेय, आत धागे आहेत का काही?" मी म्हटलं आहेत काका, धागेच आहेत, तुटतात नि परत जुळतात. गोळीच्या मागे हे धागे ताणले जातात, फार ताणले की एकदम तुटतात आणि गोळी सुटते, असं मानतात. हे कळायला जगातल्या लोकांनी मोठमोठे कॅमेरे आणि लेझर लावलेत, काकांनी एका बघण्यात धागे म्हटलं. त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

गाळ्यात एका कोपऱ्यात लाकडी खोका आहे, आत बल्ब, त्यावर पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या, दोन शीट एकमेकींना आडव्या लावलेल्या. दोन्ही शीट अशा असल्या की मधून प्रकाश येत नाही, काळोख. पण मधे ताण असलेली काच धरली की जोडाभोवती उजेडाच्या पट्ट्या दिसतात, कुठे ताण अडकलाय ते उघड. मग ती वस्तू ॲनीलिंगच्या, म्हणजे ताण सैल करायच्या, भट्टीत जाते आणि बाहेर आल्यावर परत खोक्यावर, आता काळोख असेल तरच तुमच्या हातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझ्या मायक्रोस्कोपमध्ये लिक्विड क्रिस्टल मी अगदी असंच बघते, दोन आडव्या पोलरॉइडच्या मधे. ह्या विषयात आपल्याकडचं फार मोठं काम आहे आणि ते कमी लोकांना माहीत आहे. बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९७७ साली एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश ह्यांनी दाखवलं की थाळीसारखे चपटे रेणूसुद्धा लिक्विड क्रिस्टल होतात, नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचून. तोवर सगळे काठीसारख्या लांब रेणूंचीच गोष्ट करत होते. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन ह्यांचे भाचे, खगोलवाले नोबेलविजेते चंद्रशेखर वेगळे. हे मी काकांना त्या खोक्यापाशी उभं राहून सांगितलं होतं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, चळती कलल्या तर पण उजेड दिसतो का. दिसतो. आणि चळती सरळ आपल्याकडे तोंड करून उभ्या असतील तर काळोख, हेही त्यांना लगेच पटलं.

आता अर्धा गुण. वेळ. काका चार दिवस म्हणाले तर आठ धरा. फोन उचलत नाहीत कारण दोन्ही हात नळीला असतात, त्यांच्या पुतण्याला मेसेज करा, तो संध्याकाळी उत्तर देतो. गणपतीत आणि शिमग्याला गाळा बंद, सगळे चिपळूणकडे गावाला, ह्यात बदल होणार नाही, तुमची थीसिसची तारीख काहीही असो. जुलै-ऑगस्टमध्ये गल्लीत पाणी भरतं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, गाळ्यात कमरेपर्यंत पाणी होतं आणि भट्टी गेली, पण गिऱ्हाइकांच्या सगळ्या वस्तू त्यांनी आधी वरच्या फळीवर चढवल्या होत्या, माझा व्हिस्कोमीटर चौथ्या दिवशी कोरडा मिळाला. ह्यासाठी मी खरं तर तो अर्धा गुण परत द्यायला हवा, पण रिव्ह्यू वाचून कोणी डेडलाइनच्या आदल्या दिवशी जाईल म्हणून ठेवते कापलेला.

क्वार्ट्झचं काम होत नाही, त्याला सोळाशेच्या वर अंश लागतात आणि वेगळी ज्योत. खूप मोठी भांडी, रिॲक्टर वगैरे, तेही नाही. जीएसटीचं बिल आता पुतण्या देतो, पूर्वी फार त्रास व्हायचा.

जाताना काय न्यायचं ते ऐका, कारण इथे लोक चुकतात. चित्र ग्राफ पेपरवर खऱ्या मापाचं काढा, आणि व्यास लिहाल तर आतला की बाहेरचा ते लिहा, मी एकदा लिहिलं नव्हतं आणि माझा पिस्टन नळीत गेलाच नाही, चूक सर्वस्वी माझी होती, त्यांनी पैसे न घेता दुसरी नळी केली. आणि तुटलेली वस्तू स्वच्छ धुवून, सुकवून न्या. हे मी हात जोडून सांगतेय. काही वर्षांपूर्वी कोणीतरी आत इथर, म्हणजे पटकन पेट घेणारं सॉल्व्हंट, राहिलेला फ्लास्क तसाच आणून दिला, ज्योतीजवळ नेल्यावर भडका उडाला आणि काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली. दीड महिना काम बंद. ज्या बोटांना काच हलकी झालेली कळते ती बोटं. कोण होता ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही, पण तेव्हापासून प्रत्येक वस्तू दारातच हुंगून घेतात आणि शंका आली तर परत पाठवतात. राग मानू नका. आत काय होतं ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, कंपनीचं सिक्रेट वगैरे असेल तर निदान कुठल्या सॉल्व्हंटने धुतलंय तेवढं तरी लिहा.

बऱ्याच संस्थांमध्ये पूर्वी स्वतःचा ग्लासब्लोइंग सेक्शन असायचा. मी जिथे शिकले तिथेही होता, तिथले ग्लासब्लोअर रिटायर झाले, जागा भरली नाही, खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे. मला ह्याचं वाईट वाटतं आणि मी ते जिथे जिथे मीटिंगमध्ये बोलता येईल तिथे बोलते. पोरांना सगळं कॅटलॉगातून मागवायची सवय लागली की मग प्रयोगही कॅटलॉगात आहेत तेवढेच सुचतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी काकांच्या टेबलाशी दोन-तीन दुपारी काढल्या त्यांची चित्रं नंतर बदलली, कोपऱ्यांना आपोआप गोलाई यायला लागली.

सध्या त्यांच्याकडे माझं एक काम चालू आहे, कॉलेजच्या मुलींच्या वर्कशॉपसाठी उथळ काचेचा ट्रे. ॲग्नेस पॉकेल्स नावाची जर्मन बाई होती, युनिव्हर्सिटीत जायला मिळालं नाही, आईवडिलांची सेवा आणि घरकाम करता करता तिने भांड्याच्या पाण्यावर तेलकटपणा पसरला की पृष्ठताण कसा बदलतो हे मोजायचं ठरवलं, विशीच्या आसपास असेल. पत्र्याचा ट्रे, त्यावर आडवी सरकणारी पत्र्याची पट्टी, आणि तराजूला टांगलेलं एक बटण, एवढ्या सामानावर. तिने लॉर्ड रॅले ह्या इंग्रज फिजिसिस्टना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते १८९१ च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं. पुढे लँगम्युअर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तसल्याच ट्रेवर काम केलं आणि त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. मला तोच प्रयोग मुलींच्या हाताने करून घ्यायचाय. ट्रेच्या कडा एका पातळीत सपाट हव्यात, पाणी काठाच्या किंचित वर उभं राहायला हवं, म्हणून पुतण्या गेले चार दिवस कार्बोरंडमची, म्हणजे घासायची कठीण, पूड आणि पाणी घालून जाड काचेवर त्या कडा घासतोय. काकांना मी सांगितलं की वर मेणाचा हात फिरवणार आहे म्हणजे पाणी कडेवरून सांडणार नाही, तर ते म्हणाले मग कडा फार गुळगुळीत करत नाही, थोडी खरखरीत ठेवतो, मेण धरून राहील.

शनिवारी घ्यायला जायचंय. हार्बरने जाणार, परत येताना टॅक्सी, ट्रे मांडीवर.